बसतंय की!

मराठीत इंजिन दोनदा बसतं. एकदा ते आपलं आपण बसतं, म्हणजे संपतं. दुसऱ्यांदा मिस्त्री बसवतो. आमच्या कॉन्टेसाचं इंजिन २००५ च्या महापुरात पहिल्या अर्थानं बसलं, आणि दुसऱ्या अर्थानं बसायला पुढचा शिमगा उजाडला. मधले सात महिने मी दिवसा माधवनगरातल्या एका यंत्रमागवाल्याकडं हिशेब लिहीत होतो आणि रात्री घोड्यांचे भाव काढत होतो.

गाडी काकांची. काका सांगलीत गावभागात राहायचे. कृष्णा चढायला लागली की सांगलीकर हवामानाच्या बातम्या बघत बसत नाही, आयर्विन पुलापाशी किती फूट झालं एवढंच विचारतो. त्या आठवड्यात आकडा चढतच राहिला. काकांनी धान्याचे डबे माळ्यावर टाकले, काकूंना बहिणीकडं धाडलं आणि गाडी वाचवायची म्हणून ती घेऊन माझ्याकडं, माधवनगरच्या उंचावर निघाले. वाटेत एका ठिकाणी पाणी होतं. पुढं गेलेला ट्रॅक्टर पार झाला, म्हणून काकांनीही गाडी घातली. ट्रॅक्टरचं नाक किती वर असतं आणि कॉन्टेसाचं किती खाली, हा फरक त्यांच्या लक्षात आला तेव्हा बॉनेटखालून एकच आवाज आला. काका त्याचं वर्णन अजून ‘नारळ फुटल्यासारखा’ असं करतात.

मिस्त्रीनं नंतर समजावलं. इंजिन हवा ओढतं आणि दाबतं. हवा बिचारी दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वर पाणी, मागं फिरायची सोय नाही, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर डोकावतो. गंमत अशी की गाडी दारातच बुडू दिली असती तर ऑइल बदलून, पुसूनबिसून इंजिन चाललं असतं. वाचवायला नेलं म्हणून मेलं. हे काकांना मी अजून सांगितलेलं नाही.

“गाडी तुला दिली,” काका म्हणाले. “इंजिनाचं तुझं तू बघ.”

दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण ह्या गाईला पोटच नव्हतं.

कॉन्टेसा आता रस्त्यावर क्वचित दिसते, म्हणून सांगतो. हिंदुस्थान मोटर्सनं विलायतेतल्या व्हॉक्सहॉल कंपनीचे साचे आणले आणि १९८४ च्या सुमारास ही लांबरुंद गाडी बाजारात आणली. बॉनेट एवढं मोठं की त्यावर पंगत बसावी. आत मात्र अँबेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, पन्नासेक घोड्यांचं. पैलवानाच्या अंगात कारकुनाचा जीव. पुढं कंपनीला स्वतःलाच दया आली आणि तिनं जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं, घोडे ८८, सोबत पाचवा गिअर. म्हणजे ह्या गाडीत इंजिन बदलायची पहिली खोड खुद्द कारखान्याचीच. २००२ साली उत्पादन बंद पडलं. आमची गाडी पांढरी, इसुझूवाली, काकांनी एका साखर कारखान्याच्या माजी संचालकांकडून घेतलेली. निवडणूक हरल्यावर संचालक पहिल्यांदा गाडी काढतो आणि मग मिशी, असं काकांचं निरीक्षण आहे.

माझा भाचा तेव्हा वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानं गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, “मामा, ही आपल्याकडची मसल कार आहे.”

मी मसल म्हणजे मुसळ समजलो. वजन बघता तेही बरोबर होतं.

त्यानं सांगितलं ते असं. अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक कंपनीनं मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन घातलं, नाव ठेवलं जीटीओ, आणि तिथून हे वेड पसरलं. साडेसहा लिटरला थोडंच कमी. आमच्यासारखी साडेतीन इंजिनं एकत्र बांधली तर ते एक होईल. आणि तिथं इंजिन गेलं तर माणसं रडत बसत नाहीत, कंपनीकडून नवंकोरं इंजिन लाकडी खोक्यात बांधून घरपोच मागवतात, हापूसची पेटी मागवावी तसं. मागवण्याआधी वहीत हिशेब मांडतात, एका घोड्याला किती डॉलर पडले. त्याच्या सांगण्यानुसार शेवरलेटचं ५.७ लिटरचं साधं इंजिन दहा-बारा डॉलरला एक घोडा ह्या भावानं पडायचं.

हे ऐकून माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. डॉलर तेव्हा चव्वेचाळीस रुपयांच्या आसपास. म्हणजे अमेरिकन घोडा साडेचारशे-पाचशे रुपयांना. मी मागाच्या जुन्या खतावणीचं कोरं पान काढलं, वर ‘श्री’ लिहिलं आणि खाली चार रकाने आखले: इंजिन, घोडे, किंमत, दर घोडा.

किमती गोळा करायला शंभरफुटी रोडवरच्या गॅरेजांतून हिंडलो. इसुझूचा दुसरा ब्लॉक मिळवून, पिस्टन-रिंगा-बेअरिंगा घालून पूर्ववत करायचं तर ४४,००० रुपये; ८८ घोड्यांनी भागले, दर घोडा पाचशे. म्हणजे आमचा घोडा अमेरिकन घोड्याच्या भावानंच! जागतिकीकरण मला त्या दिवशी पटलं. टोयोटा क्वालिसचं डिझेल इंजिन, ७५ घोडे, ४५,००० रुपये, दर सहाशे. एका अपघातातल्या स्कॉर्पिओचं इंजिन, १०९ घोडे, दर सातशे, शिवाय “गाडी कुणाची होती ते इचारू नका” ही अट. आणि सगळ्यात खाली मॅटाडोरचं इंजिन. ६५ घोडे, साडेएकोणीस हजार. दर घोडा तीनशे.

मॅटाडोर म्हटल्यावर भाच्याचं तोंड कडू झालं. मग मीच त्याला शिकवलं, कारण हे मला मिस्त्रीनं शिकवलं होतं. पुण्याच्या बजाज टेम्पोनं हे इंजिन मर्सिडीज-बेंझच्या परवान्यावर बनवलं. जर्मनीत १९७३ पासून जी २४० डी मर्सिडीज टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळाली, तिचंच हे २.४ लिटरचं डिझेल. तेच पुढं ट्रॅक्समध्ये बसलं. आणि ट्रॅक्स म्हणजे वडाप. म्हणजे तासगाव, विटा, कवठेमहांकाळच्या रस्त्यांवर गाडीत पंधरा, टपावर चार आणि मागं लोंबकळणारे दोन अशी जी जनता वर्षानुवर्षं बाजाराला गेली, ती सगळी मर्सिडीजच्या इंजिनामागं बसून गेली. जर्मनांनी पाच माणसांसाठी केलेली गोष्ट आम्ही एकवीस जणांत वाटून घेतली.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे बुधगाव रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड, शेजारी यंत्रमाग. मागांच्या खटाखटीत कुठल्या इंजिनाचा टॅपेट वाजतो हे कळणं अशक्य, त्यामुळं त्याच्याकडून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी बिनआवाजाची असायची. घरी नेल्यावर ती बोलायला लागायची. पण माणूस हाताचा सच्चा. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच.

“मिस्त्री, ह्यात मॅटाडोरचं इंजिन बसेल?”

“बसतंय की.”

“आणि क्वालिसचं?”

“तेबी बसतंय की.”

“आणि उद्या किर्लोस्करचं पाण्याचं इंजिन आणलं तर?”

त्यानं बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. थट्टा त्याला कळली नव्हती, तो मनात माप घेत होता. “बसतंय. पण पट्टा भाईर काढाय लागंल.”

मग सल्लागार जमले. गॅरेजमध्ये बॉनेट उघडं असलं की त्यात बघणारी चार माणसं आपोआप उगवतात, विहिरीत काही पडल्यासारखी. त्यातल्या एका अण्णांचं म्हणणं, घोडे बिडे सब झूट, खंबाटकी कुठल्या गिअरमध्ये चढते ते सांगा. दुसऱ्याचा प्रश्न महाराष्ट्राचा प्रश्न होता: “अ‍ॅव्हरेज किती देती?” आपल्याकडं गाडीची कुंडली ह्या एका आकड्यात येते. किती पळते हे कुणी विचारत नाही, किती खाते हे विचारतात. सून बघायला गेल्यावर आत्याबाई विचारतात तसं. आणि अ‍ॅव्हरेज सांगताना मालक नेहमी चार किलोमीटर जास्त सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात सहा कमी करतो.

भाच्याच्या अमेरिकन इंजिनाला मी हीच फूटपट्टी लावली. गॅलनला बारा मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर. सांगलीहून पुणे साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. जाताना पन्नासेक लिटर, येताना पन्नासेक. अण्णा म्हणाले, “त्याच्यापरीस पुण्यालाच ऱ्हावा की.”

तिसरे होते शर्यतीचे शौकीन. आमच्या भागात किंमत आणि कामगिरी ह्यांचा खरा तौलनिक अभ्यास मोटारींचा होत नाही, बैलांचा होतो. खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार घेणारा माणूस दात बघतो, खूर बघतो, शेपटीचा गोंडा बघतो, भोवरा कुठं आहे ते बघतो, आणि मग रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव ठरवतो. तोंडातून आकडा जात नाही. ह्या गृहस्थांनी मॅटाडोरच्या इंजिनाचीही तशीच परीक्षा केली. ऑइलची काठी काढून वास घेतला, झाकण उघडून फुंकर मारून बघितली, बाजूला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “जनावर थोराड हाय. पळायचं न्हाई, पर वडंल.”

ह्या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं ते माझ्या वहीत चार रकान्यांतही आलं नव्हतं. घोडे म्हणजे वेग. ओढ म्हणजे दुसरंच काही. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर काढतं, म्हणून भरलेली वडाप दुसऱ्या गिअरमध्ये चढ खात जाते, पण सपाटीला ऐंशीच्या पुढं दमते. पेट्रोल इंजिन फेऱ्या वाढल्या की खुलतं. माझी वही दोघांना एकाच तागडीत तोलत होती.

आणि मुळात घोडा हेच माप विक्रीसाठी जन्मलेलं. जेम्स वॅटला वाफेची इंजिनं खपवायची होती. गिऱ्हाईक होते घोड्यांवर घाणा फिरवणारे. त्यांचा पहिला प्रश्न, “हे किती घोड्यांचं काम करेल?” वॅटनं घोड्याचं काम मोजलं, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असा आकडा धरला आणि त्यावर इंजिनं विकली. खरा घोडा जीव तोडून थोडा वेळ दहा-पंधरा हॉर्सपॉवर सहज काढतो हे त्यात येत नाही. तर सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका विक्रेत्याच्या आकड्यावर भरवसा ठेवून मी माधवनगरात रात्री अकरा वाजता भागाकार करत होतो.

अमेरिकनांनीही ह्यात कमी गंमत केलेली नाही. १९७१ पर्यंत तिथल्या कंपन्या इंजिन टेबलावर ठेवून, हवेचा फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, काही नाही, असं मोकळंढाकळं पळवून घोडे मोजायच्या. १९७२ पासून सगळी उपकरणं जोडून मोजायला लागल्या, तेव्हा कॅडिलॅकच्या ८.२ लिटर इंजिनाचे ३६५ घोडे एका वर्षात २३५ झाले. तबेल्यातून एका रात्रीत १३० घोडे पळाले आणि कुणी पोलिसांत गेलं नाही. मला ह्यात नवल वाटलं नाही. मुलीच्या बापाला सांगितलेला पगार आणि पहिल्या तारखेला हातात पडणारा पगार ह्यांत हाच फरक असतो. फंड, विमा आणि सोसायटीचा हप्ता म्हणजे पगाराचा सायलेन्सर.

वहीचा कौल स्पष्ट होता. मॅटाडोर, दर घोडा तीनशे. शिवाय डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा लिटरमागं दहा-बारा रुपयांनी स्वस्त. मी मिस्त्रीला विसार दिला.

कायद्याचं आधी बघितलं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की गाडीत फेरफार करायचा तर नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला विचारून करा आणि पुस्तकात चढवा. आता तर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे आणखी आवळलंय. तेव्हा मी फाइल करून, जुन्या इंजिनाची पावती, नव्याची पावती, ज्या मॅटाडोरचं ते होतं तिच्या भंगाराची पावती, सगळं लावलं. माझ्या लग्नाला एवढे कागद लागले नव्हते.

मग इंजिन बसायला लागलं, आणि ‘बसतंय की’ ह्या दोन शब्दांमधली जागा मला दिसायला लागली.

इंजिन बसत होतं, पण गिअरबॉक्सला जुळत नव्हतं. मधे लेथवर जाड प्लेट करून घ्यायला लागली. ती कोल्हापूरला उद्यमनगरात, कारण “हितं तसं काम न्हाई हुईत”. प्लेट आली तर इंजिन चार बोटं पुढं सरकलं आणि रेडिएटरला शेकायला लागलं. रेडिएटर पुढं घेतला तर जाळीत बसेना. मिस्त्री म्हणाला, रेडिएटर मोठाच हवा. मोठा रेडिएटर म्हणून पंखा दुसरा. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा वाकल्या आणि गाडी जमिनीवर काही सांडलंय का बघितल्यासारखी नाक खाली घालून उभी राहिली. स्प्रिंगा बदलल्या. डिझेलला सुरू करायला ताकद जास्त, म्हणून बॅटरी मोठी. मोठी बॅटरी जुन्या जागेत मावेना, म्हणून ती डिकीत. बॅटरी डिकीत म्हणून जाडजूड वायर, गाडीच्या लांबीची. आणि कॉन्टेसाची लांबी म्हणजे तुम्हाला सांगितलंच आहे. माउंटिंगची रबरं तीनदा तुटली. चौथ्यांदा मिस्त्रीनं कसलं तरी रबर आणलं ते आजतागायत आहे. कशाचं ते त्यानं सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात शेजारचा एक माग दोन दिवस बंद होता.

शेवटी मी वही काढली. साडेएकोणीस हजारांचं इंजिन ७१,५०० रुपयांना पडलं होतं. भागिले ६५. दर घोडा अकराशे. इसुझू पाचशेला पडत होतं. वहीतल्या सगळ्यांत स्वस्त घोड्यानं वहीतल्या सगळ्यांत महाग घोड्याला मागं टाकलं, आणि ही आमच्या गाडीनं जिंकलेली एकमेव शर्यत.

बायकोनं सात महिने ह्या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. त्या रात्री ती माझ्या खांद्यावरून वही बघत म्हणाली, “अहो, एक रकाना राहिला.”

“कुठला?”

“जायचंय कुठं, त्याचा.”

मी गप्प बसलो. तिनं पेन घेतलं. सांगलीचा आठवडी बाजार, पाच-सहा किलोमीटर. माहेर मिरजेला, वर्षातून चारदा. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीला एकदा. एखादं लग्न. बेरीज केली, वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा भरेना. डिझेलमुळं वर्षाला जे काही वाचणार होतं त्यातून इंजिनाचा खर्च भरून निघायला किती वर्षं लागतील, तेही तिनंच काढलं. मी आकडा वाचला नाही. नातवाचा उल्लेख होता एवढं ऐकू आलं.

आता कधीकधी वाटतं, इसुझूच दुरुस्त करायला हवं होतं. मग पंपावरची पाटी बघतो आणि बरं वाटतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांची रबरी नळी-वॉशर त्याला सोसत नाहीत. इथेनॉल उसाचं, ऊस आमच्या जिल्ह्याचा. माजी संचालकांच्या गाडीचं रबर शेवटी त्यांच्याच कारखान्याच्या मळीनं खाल्लं असतं. असो.

तर त्या शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली. मिस्त्रीनं नारळ फोडला. काका तेवढ्यापुरते लांब जाऊन उभे राहिले. मी चावी फिरवली. इंजिन खाकरलं, थुंकलं, धूर सोडला आणि घुमायला लागलं. आवाज असा की बॉनेटवर ठेवलेला हळदकुंकवाचा करंडा चालत चालत कडेपर्यंत गेला. भाच्यानं कान देऊन ऐकलं आणि “जर्मन आहे,” एवढंच म्हणाला.

एकटाच निघालो. पांढरी कॉन्टेसा, लांब बॉनेट, काच खाली, हात बाहेर. बुधगाव ओलांडलं. समोरून येणारे लोक वळून बघत होते, आणि मला सगळा खर्च वसूल झाल्यासारखा वाटायला लागला. कवलापूरच्या अलीकडं फाट्यावर एक म्हातारी बाई दोन पिशव्या आणि एक कोंबडी घेऊन पाठमोरी उभी होती. माझा आवाज ऐकून तिनं मागं न बघताच हात वर केला.

मी थांबलो. थांबायला नको होतं. तिनं मागचं दार उघडलं, पिशव्या आत टाकल्या, कोंबडी मांडीवर घेतली आणि सीटवर हात फिरवून बघितला.

“तासगाव न्हवं?”

“आजी, ही वडाप नाही.”

“आवाज तर त्योच हाय,” ती म्हणाली, आणि सरकून कडेला बसली. “सोडा आता. का अजून भरायची हाय?”